पहिल्या वर्षाचा सुपरमॅन

(पडद्यावर: जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ, जवळून)

हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटणारा एक माणूस. अंगात निळा पोशाख, पाठीवर लाल केप. आणि खालच्या कोपऱ्यात, डोकं धरून पळत सुटलेला दुसरा. अ‍ॅक्शन कॉमिक्सचा हा पहिला अंक. किंमत १० सेंट. वर जून १९३८ छापलंय, पण अंक एप्रिलमध्येच दुकानांत आला होता.

या सुपरमॅनला उडता येत नाही. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा ओलांडतो, एवढंच. त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट हा खनिज पदार्थ अजून कुणाला सुचलेला नाही, त्याचा कट्टर शत्रू लेक्स लूथरही नाही. मग पहिल्या तेरा पानांत तो करतो तरी काय? निर्दोष बाईचा देहदंड थांबवायला रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर भिरकावतो. आणि शेवटी वॉशिंग्टन गाठतो, कारण तिथला एक सिनेटर विकला गेलाय.

पुढचे अंक तर आणखी थेट आहेत. शस्त्रं विकून गबर झालेल्या कारखानदाराला तो सैनिक बनवून लढाईत नेतो. एका खाणीत कामगार अडकतो, तेव्हा सुपरमॅन मालकाला त्याच्या पार्टीतल्या पाहुण्यांसकट त्याच खाणीत उतरवतो. झोपडवस्ती पाडून टाकतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरं बांधावीच लागतील! कायदा वगैरे त्याच्या गावीही नसतो. पोलिसांना तो नको असतो, यात नवल नाही.

(पडद्यावर: १९३०च्या दशकातलं क्लीव्हलँड, ब्रेडसाठी रांगा)

हे सगळं लिहिणारा जेरी सीगल आणि चित्रं काढणारा जो शुस्टर, दोघांचाही जन्म १९१४चा. दोघंही ज्यू स्थलांतरितांची मुलं. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये त्यांची गट्टी जमली. बाहेर महामंदी. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले, आणि त्या प्रसंगात वडिलांचा मृत्यू झाला. गोळी ज्याच्या अंगाला लागून गळून पडते असा नायक या दुःखातूनच जन्मला, असं म्हणायचा मोह फार होतो. पण १९३३च्या सुरुवातीला या जोडीने छापलेल्या कथेतला ‘सुपरमॅन’ चक्क खलनायक होता. ब्रेडच्या रांगेतून एका शास्त्रज्ञाने उचलून आणलेला भुकेला माणूस, हाती ताकद येताच जगावर राज्य करायला निघालेला. त्याचा नायक व्हायला आणि नायकाला छापणारा मिळायला पाच वर्षं गेली.

या नायकाची गोष्ट अशी: मरणाऱ्या ग्रहावरून आईबापांनी पाठवलेलं मूल परक्या देशात वाढतं, चष्मा लावून बुजऱ्या क्लार्क केंटच्या रूपात वावरतं, खरी ओळख लपवून ठेवतं. १९२४च्या कायद्याने अमेरिकेने युरोपातल्या स्थलांतरितांसाठी दार जवळजवळ लावून घेतलं होतं. अशा देशाचा सगळ्यात लाडका नायक कागदपत्रांशिवाय आलेला निघावा, ही गंमत आजही पुरती ध्यानात घेतली जात नाही. ज्यू मुलांनी घडवलेला नायक नाझींना मात्र चांगलाच खुपला. एप्रिल १९४०मध्ये एसएस या नाझी संघटनेच्या साप्ताहिकाने सीगलवर विखारी लेख छापला.

(पडद्यावर: रेडिओ, कुटुंब भोवती बसलेलं)

युद्ध आलं आणि आपला हा दांडगट सुधारला. म्हणजे सभ्य झाला. खाणमालक, घरमालक मागे पडले. पडद्यावर आणि रेडिओवर तो उडू लागला. त्याच्या ब्रीदवाक्यात सत्य आणि न्यायाच्या जोडीला ‘अमेरिकन जीवनपद्धती’ही आली. जुनी धग पुन्हा दिसली ती १९४६मध्ये. रेडिओ मालिकेत चिनी वंशाच्या कुटुंबाला छळणाऱ्या एका टोळीशी तो भिडतो. टोळीचं नाव वेगळं ठेवलं होतं, पण ती कू क्लक्स क्लान, म्हणजे गोऱ्या वंशवाद्यांची गुप्त संघटना आहे, हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

तोवर निर्मात्यांचं काय झालं होतं? मार्च १९३८मध्ये त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. दोघांत मिळून १३०. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, अंकांवरून नावंही उडवली गेली. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असल्याचं कळल्यावर सीगलने वर्तमानपत्रांकडे धाव घेतली. तेव्हा तो टायपिस्टचं काम करत होता, आणि शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती. चित्रकार, लेखक पाठीशी उभे राहिले. अखेर सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर देऊ केले आणि कथांवर त्यांची नावं परत छापायचं कबूल केलं. कॉमिक्सच्या धंद्यात यानंतर लेखक-चित्रकारांच्या हक्कांबद्दल उघड बोललं जाऊ लागलं.

तो १३० डॉलरचा चेक टिकून राहिला. इतर कामांचे पैसे धरून त्यावर ४१२ डॉलरचा आकडा आहे. २०१२च्या लिलावात तो १,६०,००० डॉलरला गेला. त्यावर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली आहेत.