गिटार घ्यायला जाताना पट्टी न्या

(नाशिकमध्ये पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘चांगली गिटार कशी निवडावी’. येतोच त्याकडे. आधी मला सांगा, भांडी बाजारात पातेलं घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. माठ घेताना? टिचकी. नारळ कानाशी धरून हलवतो. आणि पोरासाठी गिटार घ्यायला गेलो की विचारतो, “निळ्या रंगात आहे का?” (हशा)

मला ह्या गोष्टीचा राग आहे आणि तो जुना आहे. १९९४ साली मी नववीत होतो. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये. दिवाळीचा बोनस झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसने शालिमारला उतरलो आणि एका दुकानात गेलो. नाव घेत नाही. दुकानदाराने काळी, चकचकीत गिटार खाली काढली आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्यांवर, एक धून वाजवून दाखवली. बाबांना सुरातलं काही कळत नव्हतं. त्यांनी गिटारीची पाठ तळहाताने पुसली आणि विचारलं, “टिकेल ना?” तो म्हणाला, “काका, दहा वर्षं बघायला नको.”

सहा महिने मी रोज तासभर बसायचो. बोटांची टोकं सोलून निघायची, त्यावर हळद लावून परत बसायचो. सी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा जुडगा, कसाबसा लागायचा. एफला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं, तिथे तारा नुसत्या थडथडायच्या. शिकवणारे सर म्हणाले, “तुझ्या हातात नाही रे हे.” मी सोडून दिलं. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. पाहुणे आले की आई मात्र ती गिटार पलंगाखाली सरकवायची.

दोन वर्षांनी ठाण्याला मामेभावाकडे गेलो. त्याची गिटार मांडीवर घेतली, सवयीने एफ धरला आणि सहापैकी पाच तारा स्वच्छ वाजल्या. हात काढला, परत धरला. परत वाजल्या. घरी आल्या आल्या कंपासपेटीतली पट्टी काढून माझ्या गिटारीला लावली. बाराव्या फ्रेटवर तार पाच मिलिमीटर वर होती. हवी दोन ते अडीच.

ह्या उंचीला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. ती जास्त असली की जोर जास्त लागतो, हे कुणालाही कळेल. पण आणखी एक होतं. तार फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा अगदी सुरात लावल्या तरी दाबलेला स्वर बेसूर. पोराचा कान त्याच चढ्या स्वरावर तयार होत राहतो.

आपल्याकडे ही जाण नाही असं कसं म्हणू? मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, नीट लागल्याशिवाय परतीच्या गाडीत बसत नाही. कारागीर घोडीचा माथा घासतो, तार छेडतो, परत घासतो. गिटारचा ‘सेटअप’ हे त्याच जातीचं काम. मानेचा बाक, मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या नटच्या खाचा, पोटावर तारा टेकतात त्या सॅडलची उंची. तंबोऱ्याला आपण जे मागतो ते गिटारीला का मागत नाही?

आणि गिटार काही इतकी परकी नाही. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १८३३ पासून गिटारी बनवते. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाली तेव्हा १९६९च्या सुमारास ती आपल्या भारतीय शिसवीकडे वळली. तुमच्या आजीचा शिसवी पलंग आठवा. त्याच लाकडाची पाठ आज जगभरच्या कितीतरी गिटारींना असते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

पट्टी स्टीलची न्या, प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य कडेपासून आत असतो. बाराव्या फ्रेटवर उभी करून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सगळ्यात जाड तारेखाली अडीच, सगळ्यात बारीक तारेखाली दोनच्या आसपास. तीनच्या वर असेल तर सेटअप करून मागा. सॅडल आधीच जेमतेम वर डोकावत असेल तर घासायला काही उरलेलंच नाही, ती गिटार ठेवून द्या. मग बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, नंतर दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत, फोनवरचा ट्यूनर लावा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, दुकानदार कितीही चुळबुळला तरी.

वरची फळी अखंड की प्लायची? मधल्या भोकाची कड बघा. वरच्या लाकडाच्या रेषा तशाच कडेवरून खाली उतरल्या तर अखंड, थर दिसले तर प्लाय. अखंड फळीचा आवाज मोकळा येतो, पण तिला हवा बाधते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडी ठाक, जुलैत भिंतींना ओल. पावसाळ्यात फळी फुगते, अ‍ॅक्शन वर जाते. उन्हाळ्यात आक्रसते, कधी तडकते. मे महिन्यात घेतलेली गिटार ऑगस्टमध्ये परत मोजा.

पहिली गिटार प्लायची खुशाल घ्या, पण सेटअपचे पैसे बाजूला ठेवा. यामाहाची एफ३१० प्लायचीच आहे, माझ्याकडची कितीतरी मुलं तिच्यावर गिटार शिकली. पुढच्या पायरीला एफजी८००, तिची वरची फळी अखंड स्प्रूस लाकडाची. लहान मुलाला मोठ्या पोटाची ड्रेडनॉट देऊ नका, खांदा वर चढतो. तारा बाराच्या असतील, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाड, तर सहा मिळून सत्तर किलोच्या वर ओढतात, नवशिक्याला दहाच्या किंवा अकराच्या घाला.

झाला वेळ. तिसऱ्या रांगेतल्या ताई मुलीची गिटार कव्हरसकट घेऊन आल्यात. ताई, या पुढे. पट्टी माझ्या खिशात आहे.