स्पिटफायरचा निधी

10 ऑगस्ट 1940. लंडन.

नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात जाऊन तीन महिने होत आलेत. राणी विल्हेल्मिनाचं सरकार लंडनमध्ये आश्रयाला आहे. तिथेच, राणीचे जावई राजपुत्र बर्नहार्ड यांच्या नावाने एक निधी उभा राहतो, युद्धसामग्री विकत घेण्यासाठी. डच वसाहतींतून, विशेषतः आजच्या इंडोनेशियातून, पैशाचा ओघ सुरू होतो. त्यातून स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं घेतली जातात.

मायदेशी लोक त्याआधीच बोलून गेले होते, एका फुलातून. 29 जून हा बर्नहार्डचा वाढदिवस. त्याच्या कोटावर नेहमी पांढरं कार्नेशन असे. त्या दिवशी व्याप्त हेगमध्ये माणसं उघडपणे तेच फूल छातीवर लावून राजवाड्याकडे गेली. जर्मनांच्या हे जिव्हारी लागलं. शहराच्या महापौरांना पदावरून दूर केलं गेलं.

मग युद्ध संपलं. विमानांची गरज सरली, पण निधी गुंडाळला नाही. 1946 पासून तो संस्कृतीकडे वळला. घरं, पूल, बंदरं नव्याने उभारायची होती, अन्नाचा तुटवडा होता, आणि अशा वेळी कुणीतरी संगीताचा, नाटकाचा, पुस्तकांचा विचार केला. या निर्णयापुढे मान लवते.

आज ही संस्था ‘कल्तुरफॉन्ड्स’ म्हणून ओळखली जाते. संस्कृतीसोबत निसर्गरक्षणालाही ती मदत करते. देशात 12 प्रांत, आणि प्रत्येक प्रांतात तिची शाखा. या शाखांचं जुनं नाव ‘आन्यरफॉन्ड्स’, म्हणजे त्याच कार्नेशनचा निधी. प्रांतातले अर्ज प्रांतातलीच जाणकार माणसं स्वयंसेवक म्हणून तपासतात. लिम्बुर्गमधल्या गावच्या वाद्यवृंदाला नवी तुतारी का हवी, हे त्यांना राजधानीतून कुणी समजावून सांगावं लागत नाही. संस्थेचं खरं बळ इथे आहे.

पैसा बराचसा लॉटरीतून येतो. शिवाय वर्षानुवर्षे गायक आणि वादक मंडळी स्वतः डबा घेऊन दारोदार फिरली. शेजाऱ्यांनी फूल ना फुलाची पाकळी दिली, आणि जमलेल्यातला एक वाटा त्याच मंडळाकडे राहिला.

देणगीदाराला स्वतःच्या नावाने वेगळा निधीही ठेवता येतो. त्यातला पैसा कशासाठी, हे तोच ठरवतो: जुन्या चर्चमधला ऑर्गन, तरुण चित्रकारांचं शिक्षण, किंवा कुरणात घरटं करणारे पक्षी. असे शेकडो निधी आज तिथे सांभाळले जातात.