थरथर कुठून येते

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘फोर बाय फोरचं पुढचं सस्पेन्शन घरच्या घरी’. वेळ पाऊण तास. पुढच्या रांगेत तिघाचौघांच्या नखांत ग्रीस दिसतंय, म्हणजे पत्ता चुकलेला नाही.

माझी जिप्सी 1997 ची, 1300 सीसी. जिप्सी म्हणजे मारुतीची जीपवजा फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी, हे इथे सांगायला नको. 1985 साली ती आली तेव्हाही पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला एकच आस, आणि स्प्रिंगपाटे, आणि बंद होईपर्यंत तेच. टांग्याला होते तसले पाटे. आमचे आजोबा एकदा गाडीखाली वाकून बघून म्हणाले होते, “यात नवीन काय आहे?” मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतंच.

तर पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. सारोळ्याच्या पुढे नीरेच्या पुलाच्या सांध्यावर पुढचं चाक आपटलं आणि स्टेअरिंग हातातून निसटेल की काय असं थरथरायला लागलं. वेग साठ-पासष्ट. डॅशबोर्डवरचा गणपती आडवा. ज्यांना हे झालंय ते आत्ता मान हलवताहेत. ब्रेक मारून पस्तीसवर आलो तेव्हा गाडी गप्प झाली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांनी फक्त विचारलं, “परत जायचं का?” आणि खंबाटकी चढून उतरेपर्यंत पुढे एक शब्द नाही.

आता माझी तक्रार. गॅरेजचं नाव घेणार नाही, माणसं वाईट नव्हती. पहिल्या खेपेला अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. दुसऱ्या खेपेला स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे हिसके शोषणारी नळी, नवा. महिनाभर गाडी शहाण्यासारखी चालली, मग पुन्हा तोच नाच. तिसऱ्या खेपेला म्हणाले डॅम्परच डुप्लिकेट निघाला, दुसरा टाकू. टाकला. चौथ्या खेपेला पुन्हा अलाइनमेंट, वर चाकांचं बॅलन्सिंग. या चार खेपांत एकाही माणसाने गाडीखाली पाठ टेकली नाही. अहो, डॅम्पर थरथर दाबतो, ती बरी करत नाही. दुखऱ्या दाढेवर लवंग ठेवण्यातला प्रकार! लवंगेचे पैसे मात्र दोनदा.

शेवटी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच सतरंजी अंथरली. (सेक्रेटरींचं पत्र अजून माझ्याकडे आहे. ‘वाहनाखाली झोपणे’ हा शब्दप्रयोग त्यांचाच.) इंजिन बंद, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. मी आत बसून स्टेअरिंग डावी-उजवी, डावी-उजवी हलवत राहिलो, आणि बारा वर्षांची लेक टॉर्च घेऊन बंपरसमोर पालथी पडली. मी तिला सांगितलं होतं, टाय रॉडच्या, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकांकडे बघ. ती म्हणाली, “बाबा, दांडा ठीक आहे. पाटा हलतोय.” मी म्हटलं, पाटा कसा हलेल? “पुढच्या त्या पट्टीपाशी. रबर बाहेर आलंय, जिभेसारखं.”

पुढचं शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी झुलती पट्टी. तिच्या बुशचं, बोल्टभोवतीच्या अस्तराचं, रबर चिरडून एका बाजूला बाहेर आलेलं, आत बोल्ट मोकळा. स्टेअरिंग फिरवलं की चाक वळायच्या आधी अख्खा अ‍ॅक्सलच जागचा सरकत होता. चार खेपा, दोन डॅम्पर, आणि कारण मुठीत मावेल एवढं रबर.

तेवढंच नव्हतं. चाक जॅकवर उचललं, वर आणि खाली धरून हलवलं, तर खटखट. इथे नव्वद टक्के लोक व्हील बेअरिंग बदलतात. नव्वद हा आकडा माझा, रागातून आलेला. खरं करायचं काय, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावायचं आणि पुन्हा हलवायचं. खटखट गेली तर व्हील बेअरिंग. राहिली तर दोष त्याच्या आत, जिप्सीत म्हणजे किंगपिनच्या, ज्या पिनेवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये. माझी राहिली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय.

भराभर सांगतो. आदल्या दोन रात्री शॅकलच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाईत टॉमीचा लांब दांडा लावाल तर बोल्ट तुटेल. जॅकखाली जाड फळी हवी. माझ्या जॅकने शहाबादी फरशी मधोमध उकलली होती, ते काम सेक्रेटरींच्या पत्रात वेगळं नमूद आहे. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चेसिसला टेकवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि काढलेली चाकं चेसिसखाली सरकवून ठेवा. मग अ‍ॅक्सलला जॅकचा आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट एकदम काढलेत तर अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरतो आणि मग तो जागेवर आणायला शेजारी बोलवावे लागतात. पाटा परत चढवताना पाट्याची चळत एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसलंय का ते बोटाने चाचपा. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

किंगपिनचं एक वाक्यात: पिनखालच्या पातळ चकत्या कमी केल्या की बेअरिंग घट्ट होतं. किती घट्ट, हे हाताच्या अंदाजाने ठरवू नका. टाय रॉड सोडायचा, मोठं सील बाजूला करायचं, आणि रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता स्प्रिंगकाटा नकलच्या, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या, टोकाला अडकवून ओढायचं. किती किलोला नकल हलली पाहिजे हे मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. आमच्या रद्दीवाल्याने काटा दिला, पण “वजनात गडबड नाही हो त्याच्या,” असं तीनदा सांगितलं.

आणि ज्याच्यासाठी मी खरं तर आलो ते. शॅकलचे नट गाडी हवेत असताना आवळू नका. नुसते हाताने लावा. चाकं बसवा, गाडी खाली उतरवा, बंपरवर दोनतीनदा उभे राहून हलवा, पाटे आपल्या जागी बसू द्या आणि मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, लावा. हवेत पाटा लोंबलेला असतो. तिथे आवळलं तर गाडी खाली येताच नवं रबर पीळ पडलेल्या अवस्थेत अडकतं, आणि जन्मभर तसंच पिळवटलेलं राहतं. तो जन्मही फार लांबत नाही. माझं आधीचं बुश कुणी हवेतच आवळलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. संशय मात्र आहे.

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्टचे नट पुन्हा बघा, अर्धा फेरा तरी घेतात. हो, आलोच, माइक देतो. सासूबाई? बसतात ना, पुढच्या सीटवर. नीरेचा पूल आला की मात्र वरचं हँडल अजून धरतात.