मेडेयीनचे डॉक्टर आणि विसरभोळं घराणं

श्रोतेहो, नमस्कार.

स्मृतिभ्रंशाचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न औषधाचा असतो. आज मी बोलणार आहे ते या आजारामागे लागलेल्या संशोधकांबद्दल, आणि त्यातही लॅटिन अमेरिकेत आणि अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिश भाषक देशांतल्या, समाजात काम करणाऱ्यांबद्दल.

कोलंबियात अँटिओकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे, मेडेयीन ही त्याची राजधानी. 1980 च्या दशकात तिथल्या फ्रान्सिस्को लोपेरा या तरुण डॉक्टरांकडे ऐन चाळिशीत विसरू लागलेले रुग्ण आले. चौकशी केली तर वडिलांना तेच, आत्याला तेच, आजोबांनाही तेच. लोपेरा आणि त्यांच्या सहकारी नर्स लुसिया माद्रिगाल गावोगाव हिंडले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळून वंशावळी जोडत गेले. तेही टोळ्यांच्या आणि बंदुकांच्या दिवसांत! पुढे कळलं की मूळ एका जनुकातल्या दोषात आहे. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याची स्मृती साधारण 44 व्या वर्षी ढासळू लागते, आणि पन्नाशीच्या आत स्मृतिभ्रंश गाठतो. या कुळाचा विस्तार सुमारे 6,000 माणसांचा.

त्याच कुळातल्या एका बाईंची गोष्ट 2019 मध्ये जगापुढे आली. दोष होता, तरी सत्तरीपर्यंत त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. दुसऱ्या एका जनुकातल्या दुर्मीळ बदलाने त्यांना सांभाळलं असावं, असं दिसलं. त्या दिशेने आता औषधांचा शोध चालू आहे. बाई तपासणीसाठी थेट बॉस्टनला गेल्या. तिथे त्यांना तपासणाऱ्या याकील किरोझ मूळच्या कोलंबियाच्या, लोपेरांच्याच हाताखाली शिकलेल्या. इतका विश्वास एका भेटीत मिळत नाही हो, त्याला अर्धं आयुष्य द्यावं लागतं. लोपेरांनी दिलं. 2024 मध्ये ते गेले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या वयस्कर हिस्पॅनिक लोकांना अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजाराचा, धोका गोऱ्यांच्या सुमारे दीडपट मानला जातो. औषधांच्या चाचण्यांत मात्र त्यांची संख्या कमीच राहत आली. शिवाय स्मरणशक्ती तपासण्याचा कागदच कधी दगा देतो. शंभरातून सात वजा करत जा, दोन पंचकोन बघून तसेच काढा. मेक्सिकोतल्या खेड्यात दोन इयत्ता शिकून आयुष्यभर शेतात राबलेल्या आजी इथे अडखळणारच, मेंदू ठणठणीत असला तरी. हे ओळखायला त्या आजींच्या घरात वावरलेला माणूस लागतो.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने 1997 पासून अल्पसंख्याक समाजांतल्या वार्धक्याच्या संशोधनासाठी केंद्रं उभारली, त्याचं मला फार मोल वाटतं. नवख्या संशोधकाला पहिल्या छोट्या अभ्यासापुरता पैसा आणि हाताशी एक जाणता मार्गदर्शक मिळतो. पीएचडीनंतरची ती दोन-चार वर्षंच कठीण असतात. तेव्हा आधार मिळाला नाही तर हुशार मुलगी दुसरी नोकरी धरते, आणि तिने जोडलेली घरं तुटतात.

यात आपल्या देशाचाही धागा आहे. 1998 मध्ये कोचीत जमलेल्या संशोधकांनी 10/66 नावाचा गट स्थापन केला. जगातले दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत, आणि संशोधन तिथे दहा टक्केही नाही, हीच खंत त्या आकड्यांत आहे. या गटाने कमी शिकलेल्यांनाही न्याय देईल अशी तपासणी बसवली. त्यात घरच्या माणसालाही विचारतात. क्युबा, मेक्सिको, पेरू इथे ती वापरली, तशी चेन्नई-वेल्लोरलाही.

तेव्हा अशा कामाला देणगी देणाऱ्यांना, धोरण ठरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्रांसाठी पैसे द्याच, पण दारोदार जाऊन आजी-आजोबांशी तासतासभर बोलणाऱ्या मुलामुलींचा पगारही त्यात धरा, आणि तो एका वर्षापुरता नको, निदान दहा वर्षांचा धरा. नमस्कार.