दणका बसला म्हणजे पायलट चुकला?

पावसाळ्यात नाशिकजवळच्या ओझरला विमान टेकतं, सीट हादरते आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "आपटलं की हो!" निकाल लागला. विमान पुरतं थांबायच्या आत मंडळी बॅगा काढायला उठलेलीही असतात.

ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, साधारण 3 किलोमीटर लांब. मिग आणि सुखोई जिथं तयार झाले, तिथंच आपलं प्रवासी विमान उतरतं. पट्टी ओली असली की अलगद टेकणं उलट धोक्याचं. चाकं पाण्याच्या थरावरून घसरत राहतात, ब्रेक धरत नाहीत. म्हणून वैमानिक जाणूनबुजून जरा ठाम टेकवतो. याला हार्ड लँडिंग म्हणत नाहीत.

एरवी टेकताना विमान सेकंदाला 2-3 फूट वेगानं खाली येत असतं. ठरलेल्या कमाल लँडिंग वजनाला सेकंदाला 10 फुटांपर्यंतचा दणका सोसेल, असं ते बांधलेलं असतं.

एअरबस 320 चं कॉकपिट. एक जण विमान उडवतोय, दुसरा त्याच्यावर आणि आकड्यांवर लक्ष ठेवून. यंत्र फुटांत उंची सांगू लागतं: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी. तिशीच्या आसपास नाक हलकेच वर. ट्वेंटीनंतर "रिटार्ड", म्हणजे थ्रस्ट लीव्हर (इंजिनाचा जोर ठरवणारे दांडे) मागे घ्या. नाक उचलायला क्षणभर उशीर झाला की दणका ठरलेला. खाली येण्याचा वेग वाढलेला दिसला, तर दुसऱ्यानं "सिंक रेट" म्हणायचं. समोर पांढऱ्या केसांचा कॅप्टन असला तरी म्हणायचं. मोठ्यांना टोकायचं नाही हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं; ट्रेनिंगमध्ये ते पुसून काढावं लागतं.

टोका, पण गुपचूप स्टिक (विमान वळवायचा दांडा) ओढू नका. एअरबसच्या दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. दोघांनी हलवल्या तर हालचालींची बेरीज होते आणि "ड्युअल इनपुट" असा इशारा येतो. विमान हाती घ्यायचंच असेल, तर बटण दाबून स्पष्ट म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल."

चाकं टेकताच दुसरा सांगतो: "स्पॉइलर्स... रिव्हर्स ग्रीन... डिसेल." म्हणजे स्पॉइलर उघडले, इंजिनाचा उलटा जोर लागला, वेग कमी होतोय. स्पॉइलर म्हणजे पंखांवरच्या उघडणाऱ्या फळ्या; त्या उघडल्या नाहीत, तर वजन चाकांवर नीट येत नाही. विमान उसळून बरंच वर गेलं, तर तिथंच टेकवायचा हट्ट सोडून गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर उडायचं. मात्र एकदा रिव्हर्स लावला की मग थांबायचंच.

दणका जास्त वाटला, तर कॅप्टन टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) नोंद करतो. इंजिनिअर रेकॉर्ड झालेले आकडे बघतात, लँडिंग गिअर तपासतात. त्यांची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही, टर्मिनलमध्ये कितीही कुरकुर होवो.