शपथ मोडली? मग आता तलफेचं बघू

नमस्कार मंडळी. देवापुढे शपथ घेतली, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चार दिवसांत तळहातावर तंबाखू-चुना परत आलाच. असं ज्यांचं झालंय, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ.

वाईट सवयी पुष्कळ आहेत, पण आज एकटी तंबाखूच घेऊ. तीही ओढायची नाही, चघळायची. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळजवळ चोवीस टक्के प्रौढ अशी तंबाखू वापरत होते; बिडी-सिगारेटवाले चार टक्क्यांच्या आसपास. आणि "मी कुठं तंबाखू खाते, नुसती मशेरी लावते" म्हणणाऱ्या मावशी, तुम्हीही बसा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून चार-पाच वेळा दात घासावेसे वाटतात, ते काही दातांच्या काळजीपोटी नाही.

आता चुना. तो कशाला लागतो, विचारलंय कधी? तंबाखूतलं निकोटीन चुन्यामुळे मोकळं होतं आणि ओठामागच्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. म्हणून नुसती तंबाखू मिळमिळीत लागते. तासा-दोन तासांत ते उतरायला लागलं की चिडचिड सुरू, कामात लक्ष नाही. मग पुन्हा बार भरायचा आणि म्हणायचं, "डोकं शांत झालं." अहो, ते बिथरवलं कुणी होतं?

सोडायचं म्हटलं की सगळ्यात मोठी अडचण कोणती येते? कर्करोगाची भीती वगैरे बाजूला राहते. खरी अडचण असते सकाळची. "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही." लोक हे लाजत सांगतात, आणि ऐकणारे हसतात. हसू नका. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ते बंद केल्यावर बद्धकोष्ठ होणं हे अगदी ठरलेलं लक्षण आहे. ते काही आठवडे राहतं आणि मग आतडी आपल्या चालीवर येतात. तोवर भरपूर पाणी, पालेभाजी, सालासकट डाळी, पेरू, रात्री गरम पाण्यातून इसबगोल, आणि सकाळी थोडं चालणं. एवढं केलं तर निभतं. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, "आपल्या शरीराला मानवत नाही बुवा," आणि डबी उघडतो.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. झोप लागत नाही, भूक जास्त लागते, घरच्यांवर उगाच ओरडणं होतं. तीन-चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. आणि प्रत्येक तलफ? ती येते, चढते आणि थोड्याच मिनिटांत उतरते, तुम्ही तंबाखू खा की नका खाऊ. शपथेवर माझा राग इथेच आहे. शपथ जन्मभराची असते. तलफ आली की त्या थोड्या मिनिटांत हातांनी काय करायचं, हे ती सांगत नाही. (गंमत बघा, माळ घातली की दारू-मटण सुटतं, चंची मात्र कमरेला तशीच.)

तुमच्या तलफेच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत: चहानंतर, जेवण झाल्यावर, गाडीवर बसल्यावर, कट्ट्यावर कुणी मळायला लागला की. प्रत्येक वेळेचं आधी ठरवा. जेवण झालं की लगेच उठून चूळ भरायची, दात घासायचे. कट्ट्यावरच्या मित्राला स्पष्ट सांगायचं, "पुढे करू नकोस रे." आणि डबी खिशात ठेवून मनाची परीक्षा घेऊ नका. घरात, गाडीत, शर्टात, कुठेच ठेवायची नाही.

बडीशेप चालेल, लवंग चालेल. सुपारी नाही! "तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी" म्हणणारे फार भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. तोंड उघडायचं कमी होतं, तेही मुख्यतः तिच्यामुळेच. खर्रा-मावा खाणाऱ्यांनी आत्ताच उभी तीन बोटं तोंडात घालून बघा. मावत नसतील, किंवा आत पांढरा-लाल चट्टा असेल, तर व्हिडिओ थांबवा आणि दातांच्या डॉक्टरची वेळ घ्या.

औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगम मिळतं, दोन मिलिग्रॅमचं. बरेच जण ते गोळीसारखं कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात आणि पाकीट कोपऱ्यात पडतं. सावकाश चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. बार धरायची सवय असल्याने हे तुम्हाला शिकवायला नकोच. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी नको, कारण आंबटपणामुळे निकोटीन शोषलं जात नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरच्यांनो, खिसे तपासू नका. एखाद्या दिवशी त्याने खाल्ली, तर "बघ, म्हटलं नव्हतं?" हे वाक्य गिळा. पुन्हा सोडायची असते, बरेच जण दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटतात. मदत हवी असेल तर तंबाखूच्या पुडीवरच फोन नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. फुकट आहे. पुडी फेकण्याआधी तेवढा उतरवून घ्या.