ओतण्याआधी मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरला की आपल्याकडे वर्ग झाडून घेतात, फळ्यावर रांगोळीसारखी अक्षरं काढतात. मग इकडची मुलं हात हलवतात, तिकडची हलवतात, फोटो निघतो. आठवड्याभरात सगळे विसरतात. वाईट काही नाही त्यात, पण हे एकत्र काम नव्हे.

एकत्र काम कसं असतं ते 'ग्लोब' या उपक्रमात दिसतं. १९९५ च्या वसुंधरा दिनी अमेरिकेत तो सुरू झाला. आज शंभराहून अधिक देशांतल्या शाळा त्यात आपल्या गावचं तापमान, पाऊस, ढग नोंदवतात आणि त्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या असतात.

गंमत आहे ती मोजण्याच्या शिस्तीत. थर्मामीटर पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून दीड मीटरवर. पेटीचं दार आपल्याकडे उत्तरेला, ऑस्ट्रेलियात दक्षिणेला. उघडताना ऊन आत शिरायला नको. वेळ साधायची ती सूर्याच्या मध्यान्हीची, घड्याळातल्या बाराची नव्हे. आता बघा, भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलेलं. त्यामुळे मुंबईत सूर्य सर्वांत उंच येतो तो सरासरी बारा चाळीसच्या सुमारास, नागपुरात मात्र सव्वाबाराला. एकाच राज्यात पंचवीस मिनिटांचा फरक! हे सांभाळलं तरच केनियातला आकडा फिनलंडमधल्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

ढगांचंही तसंच. उपग्रह ढग वरून पाहतो, मूल खालून. ढगांचे थर एकावर एक असतील तर खालचा थर वरून झाकला जातो. तो अंगणात उभ्या असलेल्या पोरालाच दिसतो.

पण मला सर्वांत आवडतं ते डासांचं काम. डेंग्यू कुठल्या सीमेवर थांबत नाही. मुलं टायर, कुंडीखालची ताटली, पिंप धुंडाळतात, अळ्या मोजतात, भिंग लावून फोटो काढतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी ॲनाफिलिसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. डोकं खाली करून लटकलेली असेल तर एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, किंवा क्युलेक्स या दुसऱ्या डासाची. त्यात एडिसची श्वासनळी आखूड. पाचवीतल्या मुलालाही हे जमतं.

नोंद झाली की ते पाणी अळ्यांसकट जमिनीवर ओतून द्यायचं. आपल्या आशाताई दर आठवड्याला 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगतात, तेच हे. फक्त ओतण्याआधी मोजायचं.